दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याआधी लॅपटॉपमधल्या रिकव्हरी पार्टिशनांचं काय करायचं?

नव्या लॅपटॉपवर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं की सी ड्राइव्हच्या आजूबाजूला चार-पाच बिननावाचे चौकोन दिसतात. हे डिस्कचे वेगवेगळे कप्पे, म्हणजे पार्टिशनं. लिनक्स किंवा दुसरं विंडोज टाकायला निघालेले लोक इथे दोन टोकांना जातात. काही जण ‘एवढी जागा फुकट कशाला’ म्हणून सगळं पुसून टाकतात. काही जण घाबरून कशालाच हात लावत नाहीत आणि सी ड्राइव्ह जेमतेम आकसून उरलेल्या फटीत लिनक्स कोंबतात. दोन्हींमागचा गैरसमज एकच: ‘रिकव्हरी’ नावाचं जे काही आहे ते सगळं सारखंच. प्रत्यक्षात लॅपटॉपवर दोन अगदी वेगळ्या जातीची रिकव्हरी पार्टिशनं असतात. लहान पार्टिशन विंडोजचं, ते ठेवायचं आणि नीट जागी बसवायचं. मोठं पार्टिशन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं, त्यातला ऐवज आधी बाहेर काढायचा आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११, यूईएफआय फर्मवेअर (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, जुन्या भाषेत बायॉस) आणि जीपीटी पद्धतीने पार्टिशनं आखलेली डिस्क धरून लिहिलं आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. विंडोजमधल्या सगळ्या कमांड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवायच्या.

आधी डिस्क वाचा

डिस्क मॅनेजमेंटवर पूर्ण विसंबू नका. ते १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेलं) पार्टिशन दाखवतच नाही, त्यामुळे चौकोन मोजून काढलेला पार्टिशन नंबर चुकतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिस्कपार्ट’ चालू करा, ‘लिस्ट डिस्क’ने डिस्क ओळखा, ‘सिलेक्ट डिस्क ०’ करा (तुमच्या डिस्कचा नंबर वेगळा असेल तर तो द्या) आणि ‘लिस्ट पार्टिशन’ द्या. ५१२ जीबीच्या एसएसडीवर साधारण असं चित्र दिसतं (विंडोज तिला ४७६.९ जीबी म्हणतं):

१. सिस्टिम, २६० एमबी. हे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. फॅट३२ फॉरमॅट, सगळे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारे प्रोग्राम) यात राहतात. कंपनीने बसवलेल्या विंडोजमध्ये बहुधा २६० एमबी असतं. विंडोजच्या सेटअपने कोऱ्या डिस्कवर स्वतः केलेलं असेल तर अनेकदा फक्त १०० एमबी.
२. रिझर्व्ह्ड, १६ एमबी. एमएसआर. आत फाइल सिस्टिमच नसते. असू द्या.
३. प्रायमरी, सुमारे ४५९ जीबी. सी ड्राइव्ह.
४. रिकव्हरी, सुमारे १ जीबी. विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, म्हणजे विनआरई. ‘स्टार्टअप रिपेअर’, सेफ मोडकडे नेणारा निळा पडदा आणि ‘रीसेट धिस पीसी’ चालतं ते इथून.
५. रिकव्हरी किंवा ओईएम, १० ते २५ जीबी. कंपनीची फॅक्टरी इमेज, म्हणजे कारखान्यातून आलेल्या विंडोजची अख्खी प्रत.

क्रम आणि आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. डेलच्या लॅपटॉपवर ‘विनआरईटूल्स’, ‘इमेज’ आणि ‘डेलसपोर्ट’ अशी लेबलं सापडतात, लेनोव्होवर ‘विनआरई_डीआरव्ही’, आसुसवर ‘रिस्टोअर’ आणि ‘मायआसुस’. लेबलवरून अंदाज बांधा, पण निर्णय घेऊ नका. खरी ओळख एका कमांडने पटते: ‘रीएजंटसी /इन्फो’ (स्पेलिंग आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी). उत्तरात स्टेटस ‘एनेबल्ड’ असतं आणि लोकेशनच्या ओळीत ‘हार्डडिस्क०’, ‘पार्टिशन४’ असं काहीतरी येतं. तो आकडा म्हणजे सध्या वापरात असलेलं विनआरई. कागदावर लिहून ठेवा.

कधी कधी साडेचारशे-पाचशे एमबीची दोन-तीन रिकव्हरी पार्टिशनं दिसतात. विंडोजचं मोठं अपडेट आलं, जुन्या पार्टिशनमध्ये नवी विनआरई मावली नाही, की ते सी ड्राइव्ह थोडा आकसून शेजारी नवं पार्टिशन करतं आणि जुनं तसंच मागे टाकून देतं. रीएजंटसी ज्याच्याकडे बोट दाखवतं ते जिवंत, बाकीचे बहुधा सांगाडे. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की कंपनीचं लहानसं डायग्नोस्टिक पार्टिशनही त्याच आकाराचं असू शकतं. पुसण्याआधी डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन सिलेक्ट करून ‘असाइन लेटर=आर’ द्या, आत काय आहे ते वेगळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर /ए आर:’ने पाहून घ्या, मग डिस्कपार्टमध्ये ‘रिमूव्ह लेटर=आर’.

कुलूप आणि किल्ली

या कामात माहिती गमावण्याचं मोठं कारण पार्टिशनिंगची चूक नसते, डिस्क कूटबद्ध करणारा विंडोजचा बिटलॉकर असतो. विंडोज होम असलेल्या लॅपटॉपवरसुद्धा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने तो गुपचूप चालू असतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन सेटअप केला की तो आपोआप सुरू होतो. ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ देऊन पाहा. ‘प्रोटेक्शन ऑफ’ पण ‘१०० टक्के एन्क्रिप्टेड’ असं विचित्र उत्तर आलं, तर डिस्क कूटबद्ध झालेली आहे आणि कुलुपाची किल्ली सध्या दारालाच लटकते आहे. अशा सी ड्राइव्हला लिनक्समधली साधनं एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) म्हणून ओळखत नाहीत, त्याचा आकारही बदलू शकत नाहीत.

आता ४८ अंकी रिकव्हरी की मिळवा. ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ ती दाखवतं. कीच्या आयडीची पहिली आठ अक्षरंही सोबत लिहा, कारण पुढे निळ्या पडद्यावर तीच अक्षरं दाखवून त्यांच्या जोडीची की मागितली जाते. लिहिलेली की त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही, हे सांगायची गरज नसावी.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सेटिंग) बदललं, बूटचा मार्ग बदलला, की टीपीएम ही किल्ली सांभाळणारी चिप ती द्यायला नकार देते. म्हणून काम सुरू करण्याआधी संरक्षण तात्पुरतं थांबवा: ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट ०’. शून्याचा अर्थ, तुम्ही परत चालू करेपर्यंत थांबलेलंच राहील. हा आकडा न देता थांबवलं तर पुढच्या रीबूटलाच ते पुन्हा जागं होतं आणि इन्स्टॉलेशनच्या मधोमध गाडं अडतं. सगळं झाल्यावर ‘-एनेबल’ करायला विसरू नका.

फॅक्टरी इमेज बाहेर काढा

मोठं पार्टिशन ठेवायचं ठरवलं तरी त्याची प्रत बाहेर हवीच. एसएसडी बंद पडली तर आतली इमेजही तिच्यासोबतच जाते.

पहिला मार्ग कंपनीच्या साधनाचा: डेलचं ओएस रिकव्हरी टूल, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, लेनोव्होचं यूएसबी रिकव्हरी क्रिएटर. मशीनची ओळख, उदाहरणार्थ सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग, दिली की ही साधनं इमेज उतरवून घेतात आणि पेनड्राइव्ह तयार करून देतात. दुसरा मार्ग विंडोजच्या ‘रिकव्हरी ड्राइव्ह’चा. त्यात ‘बॅक अप सिस्टिम फाइल्स’वर खूण ठेवा आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. १६ जीबीत कधी मावतं, कधी ऐनवेळी जागा कमी पडते. दोन्ही मार्गांत पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

तिसरा मार्ग, आणि आमच्या मते सर्वात भरवशाचा, म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज. क्लोनझिला किंवा त्याहून सोप्या पडद्याचं रेस्क्यूझिला पेनड्राइव्हवरून बूट करा आणि इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. इथे दोन अडचणी हमखास येतात. बिटलॉकर असलेलं पार्टिशन या साधनांना वाचता येत नाही, म्हणून रिकाम्या जागेसकट बाइट-बाइट उचललं जातं आणि ४५९ जीबीची इमेज जवळपास तेवढीच भरते. बाहेरच्या ड्राइव्हवर तेवढी जागा नसेल तर सी सोडून बाकीच्या पार्टिशनांची इमेज घ्या आणि सीमधल्या फाइल्स नेहमीसारख्या कॉपी करा. दुसरी अडचण फॅट३२ची. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे बाहेरचा ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेला बरा.

लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) लिनक्समध्ये असतानाच पार्टिशन टेबलची, म्हणजे पार्टिशनांच्या नोंदींची, प्रतही घ्या: ‘एसजीडिस्क --बॅकअप=टेबल.बिन’ आणि पुढे डिस्कचं नाव, उदाहरणार्थ ‘/डेव्ह/एनव्हीएमई०एन१’. फाइल काही केबींची असते. चुकून पार्टिशन उडालं आणि त्यावर अजून काही लिहिलं गेलं नसेल, तर ही फाइल ‘--लोड-बॅकअप’ने परत चढवली की सगळं जागच्या जागी दिसतं. लाइव्ह लिनक्स बंद केलं की त्यातल्या फाइल्स जातात, म्हणून ती बाहेरच्या ड्राइव्हवर टाका.

शेवटी तयार केलेला पेनड्राइव्ह एकदा बूट करून पाहा. रिकव्हरीचा पडदा येतो का, कीबोर्ड आणि टचपॅड चालतात का, आतली एसएसडी दिसते का, एवढं तपासून काहीही न निवडता बाहेर या. न तपासलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह जमेत धरायचा नाही.

लायसन्सची काळजी मात्र नको. विंडोज ८ पासून कंपनीच्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की फर्मवेअरमध्येच, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात असते. डिस्क पूर्ण कोरी केली तरी तीच एडिशन टाकल्यावर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

सी ड्राइव्ह आकसणं

हे काम विंडोजमधूनच करा. आधी ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. त्याने हायबरनेशनची मोठी फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतो. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शटडाउन’ म्हणजे अर्धवट झोप असते. त्या अवस्थेतल्या एनटीएफएसवर लिनक्सने काही लिहिलं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ एमबीमध्ये आकडा मागतं, आणि तो किती कमी करायचं याचा असतो, किती ठेवायचं याचा नव्हे. आपल्या उदाहरणात सी ४५९ वरून २३० जीबीवर आणायची तर २२९ गुणिले १०२४, म्हणजे २,३४,४९६ एमबी.

इथेच बऱ्याचदा घोडं पेंड खातं. ३०० जीबी मोकळी असूनही विंडोज म्हणतं, फक्त ४० जीबी देतो. मध्यभागी कुठेतरी न हलवता येणारी फाइल बसलेली असते: पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या शॅडो कॉपी, मास्टर फाइल टेबलचा तुकडा. कोणती फाइल अडवते आहे ते इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये डीफ्रॅगच्या नावाने, २५९ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून रीस्टार्ट करा आणि पुन्हा आकसून पाहा. बहुतेक वेळा सुटतं. काम झाल्यावर दोन्ही परत चालू करा.

तरीही नाही सुटलं तर लिनक्समधल्या जीपार्टेड या साधनाने आकसता येतं, पण बिटलॉकर पूर्ण काढून, म्हणजे डीक्रिप्ट करून, आणि विंडोज नीट बंद करूनच. पार्टिशनची सुरुवात हलवू नका, फक्त शेवट मागे घ्या. सुरुवात हलवली की सगळा डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो आणि मध्येच वीज गेली तर हातात काही उरत नाही.

विनआरई योग्य जागी बसवणं

सी आकसल्यावर मोकळी जागा सी आणि विनआरई यांच्या मध्ये तयार होते. त्यात लिनक्स टाकलं की विनआरई सीपासून कायमची तुटते. आज काही बिघडत नाही. पण विनआरई मोठी करायची वेळ आली की विंडोज सीच्या शेपटाकडून थोडी जागा घेऊन शेजारचं रिकव्हरी पार्टिशन वाढवतं, आणि मध्ये लिनक्स बसलेलं असेल तर त्याला ते जमत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर ०एक्स८००७०६४३ या एररने अडकलं, ते रिकव्हरी पार्टिशन लहान पडल्यामुळेच. मायक्रोसॉफ्टने तेव्हा ते २५० एमबीने हाताने वाढवायला सांगितलं होतं. लिनक्स मध्ये असेल तर ते सांगणं सोपं, करणं कठीण.

म्हणून डिस्क मोकळी आहे तेव्हाच विनआरई सीच्या लगेच मागे १ जीबीची करून टाका. क्रम पाळा.

१. ‘रीएजंटसी /डिसेबल’. यामुळे ‘विनआरई.विम’ ही फाइल रिकव्हरी पार्टिशनमधून उचलून सीवरच्या विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या फोल्डरात परत ठेवली जाते. कंपनीने त्यात स्वतःची साधनं घातली असतील तर तीही सोबत येतात.

२. त्या फोल्डरात जाऊन ‘डिर /ए’ द्या. फाइल लपलेली असते, म्हणून ‘/ए’ लागतं. आकार काहीशे एमबी दिसला पाहिजे. फाइल दिसली नाही तर इथेच थांबा. त्याच आवृत्तीच्या विंडोज आयएसओमधली ‘इन्स्टॉल.विम’ सेव्हन-झिपने उघडली की आत त्याच नावाच्या फोल्डरात ती मिळते. तिथून कॉपी करा आणि मग पुढे जा.

३. ‘डिस्कपार्ट’, ‘सिलेक्ट डिस्क ०’, ‘लिस्ट पार्टिशन’. कागदावरचा नंबर आणि आकार दोन्ही जुळतात का ते पाहा. ‘सिलेक्ट पार्टिशन ४’ देऊन पुन्हा ‘लिस्ट पार्टिशन’ द्या आणि चांदणी कोणत्या ओळीसमोर आली आहे ते बघा. मगच ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. ‘ओव्हरराइड’ म्हटलं की डिस्कपार्ट काही विचारत बसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये या पार्टिशनवर राइट-क्लिक केल्यावर ‘हेल्प’शिवाय काही येत नाही, म्हणून हा रस्ता.

४. ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=१०२४’. पुरेशी मोठी असलेली पहिली मोकळी जागा डिस्कपार्ट घेतं, म्हणजे ते सीच्या लगेच मागे बसतं. मग ‘फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस’.

५. ‘सेट आयडी=’ आणि पुढे रिकव्हरी पार्टिशनची ओळख: डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी. यानंतर ‘जीपीटी ॲट्रिब्यूट्स=०एक्स’ आणि लगेच आठ, चौदा शून्यं, एक. हा सोळा अंकी आकडा पार्टिशनला ड्राइव्ह लेटर मिळू देत नाही आणि ‘हे आवश्यक आहे’ अशी खूण करतो. शून्यं मोजून टाका.

६. डिस्कपार्टमधून ‘एक्झिट’ करा, ‘रीएजंटसी /एनेबल’ द्या आणि ‘/इन्फो’ने तपासा. नवा पार्टिशन नंबर दिसला पाहिजे. ‘/एनेबल’ रिकव्हरी पार्टिशन स्वतः शोधतं. जुनं तसंच ठेवून नवं केलं असतं तर ते जुन्यातच जाऊन बसण्याची शक्यता होती, म्हणून पुसणं आधी आणि करणं नंतर.

सहाव्या पायरीला विनआरई सीवरच गेली असं दिसलं, तर पाचव्या पायरीतली ओळख चुकली आहे. विनआरई सीवर ठेवायला सरसकट हरकत नाही, पण बिटलॉकर असलेल्या व्हॉल्यूमवर विंडोज ती चालूच करू देत नाही. स्वतंत्र पार्टिशनचं मूळ कारण तेच: कुलूप लावलेल्या घराची किल्ली घरातच ठेवून चालत नाही.

एकदा ‘शिफ्ट’ दाबून रीस्टार्ट करा आणि निळा पडदा येतो याची खात्री करून घ्या.

मोठं पार्टिशन: ठेवायचं की काढायचं?

हे पार्टिशन काढलं तर ‘रीसेट धिस पीसी’ बंद पडेल, अशी भीती असते. तसं होत नाही. विंडोज १० पासून रीसेटला वेगळी इमेज लागत नाही, ते सीवरच्याच सिस्टिम फाइल्समधून विंडोज नव्याने उभारतं. २००४ आवृत्तीपासून इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा पर्यायही आहे. जाईल ते फक्त कंपनीचं ‘कारखान्यातून आला तसा’ करणारं बटण: एचपीचं एफ११, आसुसचं एफ९, एसरचं ऑल्ट आणि एफ१०.

आणि नेमकं हेच बटण मल्टिबूट, म्हणजे एकाहून जास्त सिस्टिम असलेल्या, मशीनवर धोक्याचं. त्यातला ‘पूर्ण डिस्क’ वाला पर्याय सीपुरता थांबत नाही, तो कंपनीने आखलेलं पार्टिशन टेबल नव्याने लिहितो. लिनक्स, सामायिक डेटा, सगळं जातं. घरातल्या दुसऱ्या कोणी ‘हळू चाललाय’ म्हणून ते दाबलं तर विचारायला तुम्ही समोर असालच असं नाही.

आमचं मत: २५६ जीबीची एसएसडी असेल आणि तपासलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह हातात असेल तर काढा. १६-२० जीबी तिथे मोलाचे आहेत. ५१२ जीबी किंवा जास्त असेल आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर डिस्कच्या शेवटी पडून राहू द्या. ते कोणाच्या वाटेत येत नाही. मात्र ते सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये असेल तर हलवत बसू नका. मधलं पार्टिशन सरकवलं की कंपनीच्या रिकव्हरीला ते सापडेलच याचा भरवसा नाही, मग ठेवण्यालाही अर्थ उरत नाही. काढण्याची पद्धत वरच्या तिसऱ्या पायरीचीच.

आपल्या ५१२ जीबीच्या उदाहरणात शेवटची आखणी अशी होते: ईएफआय २६० एमबी, एमएसआर १६ एमबी, सी २३० जीबी, विनआरई १ जीबी, पहिलं लिनक्स १०० जीबी, दुसरं ५० जीबी, सामायिक डेटा जवळपास ८० जीबी, शेवटी कंपनीचे १६ जीबी.

जुना लॅपटॉप, एमबीआर डिस्क

विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर अडचण वेगळीच. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशनं चारच बसतात आणि कंपन्या ती चारही भरून देत: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि साधनांचं एक लहान. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मोकळी जागा दिसते, पण तो तिला ‘अनयूझेबल’ म्हणतो. उपाय एकच. चारांतलं एक इमेज घेऊन काढायचं आणि त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करून लिनक्सची सगळी पार्टिशनं त्यात लॉजिकल म्हणून बसवायची.

अशा डिस्कवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं पार्टिशन करायला गेलात तर ‘डायनॅमिक डिस्क’ करू का, असं विचारलं जातं. हो म्हणू नका. लिनक्सचे इन्स्टॉलर डायनॅमिक डिस्कवर नीट काम करत नाहीत आणि डेटा न पुसता परत बेसिक करण्याची सोय विंडोजमध्ये नाही. शिवाय लिनक्सचा बूटलोडर ग्रब डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे एमबीआरमध्ये, लिहिला की काही कंपन्यांनी तिथे ठेवलेला रिकव्हरी बटणाचा कोडही पुसला जातो. पार्टिशन शाबूत असतं, बटण मेलेलं असतं.

ईएफआय पार्टिशन किती मोठं हवं

एकच ईएफआय पार्टिशन सगळ्या सिस्टिमना पुरतं, प्रत्येक जण त्यात आपलं फोल्डर करतो. ग्रब वापरणारं लिनक्स तिथे मोजके एमबी घेतं, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) दुसरीकडे असतो. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) कर्नलही तिथेच ठेवतात, त्यांना १०० किंवा २६० एमबी पुरत नाही. मोकळ्या जागेत १ जीबीचं दुसरं ईएफआय पार्टिशन करून ते त्यांना द्या, पहिल्याला हात लावू नका.

उबंटू आणि लिनक्स मिंट शेजारी टाकत असाल तर आणखी एक खाच आहे. मिंटसुद्धा आपलं फोल्डर ‘उबंटू’ याच नावाने करतं आणि नंतरचा आधीच्याचा बूटलोडर झाकतो. दोन्ही मेनूत दिसतात, पण मेनू कोणाचा हे शेवटी टाकलेल्यावर ठरतं.

इन्स्टॉलर चालवताना

एकाहून जास्त विंडोज असतील तर जुनं आधी, नवं नंतर, आणि लिनक्स सगळ्यात शेवटी. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये हाताने पार्टिशन निवडण्याचा पर्याय घ्या. ‘इरेझ डिस्क’ रिकव्हरी पार्टिशनं वगैरे ओळखत नाही, सगळं साफ करतो. असलेल्या ईएफआय पार्टिशनला ‘/बूट/ईएफआय’ हा माउंट पॉइंट (लिनक्समधली जोडणीची जागा) द्या आणि त्यासमोरच्या ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे हे दोनदा बघा. ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर गेला.

एसएसडी दिसतच नसेल तर बायॉसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं. ते सरळ एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलं तर विंडोज बूट होताना कोसळतं. आधी विंडोजमध्ये ‘बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल’ द्या, रीस्टार्ट करून बायॉसमधली सेटिंग बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग ‘बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट’ देऊन पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडला पासवर्ड लागतो, नुसता पिन चालेलच असं नाही. पासवर्ड आठवत असल्याची खात्री आधीच करा.

झाल्यावर काय तपासायचं

विंडोज उघडा, ‘रीएजंटसी /इन्फो’ पाहा. लिनक्सने पार्टिशनांचे नंबर बदलले असतील तर कधी स्टेटस ‘डिसेबल्ड’ येतं. एकदा ‘/डिसेबल’ आणि लगेच ‘/एनेबल’ केल्याने बहुधा जुळतं. मग बिटलॉकरचं संरक्षण परत चालू करा आणि दोनदा रीबूट करून की मागत नाही ना ते बघा. ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडल्यावर की मागितली जात असेल, तर फर्मवेअरच्या बूट मेनूतून थेट ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा.

ग्रबच्या मेनूत विंडोजच दिसत नसेल तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ लिहून मेनू पुन्हा तयार करा. जुन्या एमबीआर मशीनवर मात्र उलटं होतं: प्रोबर रिकव्हरी पार्टिशनलाही ‘विंडोज’ समजून मेनूत टाकतो. दोन विंडोज दिसताहेत म्हणून कुतूहलाने दुसरं निवडलं तर थेट फॅक्टरी रिस्टोअर सुरू होऊ शकतं. ती ओळ मेनूतून काढून टाका.

पुढे विंडोजचं वार्षिक मोठं अपडेट आलं की आधी बिटलॉकरची की हाताशी आहे का पाहा आणि अपडेटनंतर ‘लिस्ट पार्टिशन’ एकदा तपासा. सीच्या मागे नवं रिकव्हरी पार्टिशन आलेलं दिसलं, तर १ जीबीही कमी पडला असं समजा आणि रीएजंटसीला विचारून जुनं काढून टाका. बूटचा क्रम बदलून थेट विंडोज उघडत असेल तर लाइव्ह लिनक्सची गरज नाही, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणली की झालं.